ओली म्हातारी

८ ऑक्टोबर १९८८, देवपूर

मिळाली! चित्रकला शिकवणाऱ्या धनसिंग सरांनी स्वतःच्या पेटीतलं म्हातारीचं छापील चित्र मला दिलं. कुणा जुन्या विलायती चित्रकाराचं. डोक्यावर पांढरं फडकं, ओठ मिटलेले, नजर थेट आपल्यावर. सर म्हणाले, आधी हिची हुबेहूब नक्कल करा, मग जिवंत माणसाला हात लावा.

जिवंत माणूस म्हणजे माझी आई! तिचा एकही फोटो नाही. जळगावात मेहरूणला तिच्या घरी जाऊन कितीदा विनवलं, उत्तर ठरलेलं — "भितडावर मरेलसना फोटो लावतस. मी जित्ती शे." जिवंतपणी भिंतीवर कशाला, म्हणे! पण मी तिला रंगवणारच.

१५ ऑक्टोबर

नुसत्या तपकिरी रंगात उजेड-सावली. म्हातारीचं नाक पुसून पुसून कॅनव्हास झिजायची वेळ आली, अन् एकदम बसलं! घरात कुणी नव्हतं. एकटीनेच टाळ्या पिटल्या.

२३ ऑक्टोबर

आज कातडीचा रंग. गालात चक्क हिरवा घालायचा असतो! रंगात मिसळायचं जवसाचं तेल मध्येच संपलं. दुकान बंद, पण हात थांबेना. तेल ते तेल — स्वयंपाकघरातलं शेंगदाण्याचं ओतलं. डोळे काय चमकले म्हणून सांगू!

६ नोव्हेंबर

अजून ओलंच.

१३ नोव्हेंबर

सर हसून हसून बेजार. शेंगदाण्याचं तेल जन्मात वाळत नाही म्हणे! वर, "त्यात भजी तळायची होती." सगळं पुसून नव्याने करायचं. रडूच आलं मला.

१४ नोव्हेंबर

पुसायला चिंधी घेतली, तोच दारात आई. काही न सांगता जळगावहून एस.टी.ने आलेली. चित्रासमोर उभी राहिली ती राहिलीच. मग म्हातारीच्या डोळ्याखाली बोट लावलं. बोट ओलं!

"रडी राहिनी का व ही?"

मी सगळं सांगून टाकलं. तेलाचा घोळ, आणि ही बाई जाऊन तीनशे वर्षं झाली हेही. आईने बोट पदराला पुसलं. चित्रापासून लांब झाली. माझं मेलीचं तोंड! मेलेल्या बाईचं नाव काढायची काय गरज होती? आता ती चित्रासाठी कसली बसतेय.

१५ नोव्हेंबर

सकाळी आईने आपणच खुर्ची ओढली, खिडकीच्या उजेडात बसली, डोक्यावर पदर सारखा केला.

"मरीसन तीनशे वरीस झायात, तरी देखी राहिनी ती. माले बी काढ."