तिसऱ्या विंचवाची वाट

अब्बा,

यंदाची थंडी संपली. खालाच्या अंगणातल्या दोन्ही खजुरांना वाटाण्याएवढी हिरवी फळं धरली आहेत, आणि ती माझ्या हातानं धरली आहेत. एवढं एक वाक्य लिहून मी बराच वेळ पेन खाली ठेवून बसले होते. तुम्ही समोर असता तर हे बोलायला माझी जीभ उचलली नसती. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली, म्हणूनच लिहिण्याचं धाडस करते आहे.

खाला म्हणजे माझी घरमालकीण. इथे सौदीतल्या बुरैद्यात कुठल्याही वयस्क बाईला खाला म्हणतात, आणि आपल्याकडे आईच्या बहिणीला जे म्हणतो तेच ते. पहिल्या दिवशी हा शब्द ऐकला तेव्हा परक्या गावात कोणीतरी ओळखीचं भेटल्यासारखं वाटलं होतं. तिच्या जुन्या घराच्या अंगणात कडेला दोन खोल्या आहेत, तिथे मी आणि माझ्याच इस्पितळातली एक केरळची नर्स राहतो. वरच्या मजल्यावर मिसरची, म्हणजे इजिप्तची, एक शिक्षिका. अंगणात खजुराची तीन झाडं: दोन माद्या आणि एक नर. खालाच्या नवऱ्यानं मुलं शाळेत असताना जुन्या झाडांच्या बुंध्याशी फुटलेली तीन पोटरोपं आणून लावलेली. तो गेला, मुलं रियाधला गेली, झाडं तेवढी राहिली. फार उंच नाहीत, आपल्या पडवीच्या कौलाला टेकतील एवढीच.

इथे सगळं उलटं असतं, अब्बा. आपल्याकडे पावसाआधी जी लगबग, ती इथे थंडीत. उन्हाळ्यात दाराबाहेर पाऊल टाकवत नाही, म्हणून माती उकरायची, खत घालायचं, पेरायचं ते सगळं थंडीत. शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर भिंतीला पाठ लावून आम्ही चौघी उन्हात बसतो. खालाचा गहवा, म्हणजे वेलची घातलेली बिनदुधाची कॉफी, तिच्याच झाडाचा सुक्करी खजूर, आणि प्रत्येकीच्या हातात काहीतरी काम. मी मेथी निवडते. मिसरवाली पुदिन्याच्या जुन्या काड्या कापून दुसऱ्या डब्यात खोचते. केरळवाली तेलाच्या पत्र्याच्या डब्यात वाढवलेल्या कढीपत्त्याला कुरवाळत बसते. रोज संध्याकाळी ती त्याला जुन्या चादरीत गुंडाळते, कारण इथली रात्र पान जाळते.

खाला तिची टर उडवते. "त्याला कोट शिवून दे. पायमोजे दे."

"हसा तुम्ही. सांबारात घालायला मागाल तेव्हा बघते."

"तुझं सांबार खाऊन माझं पोट तीन दिवस बोलत होतं."

मिसरवाली हसता हसता दोघींचं भाषांतर करते, कारण खालाचं अरबी इथल्या बोलीतलं, नजदी, आणि आमचं इस्पितळातलं, म्हणजे "कुठे दुखतं, श्वास घ्या, झालं, खलास" एवढंच. मग वाद सुरू होतो तो थंडी कधी संपणार याचा. मोबाइलमध्ये तापमान बघून मी म्हणते, आता भेंडी पेरू या. खाला मान हलवते. तिच्याकडे थंडीच्या शेवटाचे तीन विंचू आहेत, आकाशातल्या नक्षत्रांचे. पहिला विंचू विषाचा, त्याची थंडी मारते. दुसरा रक्ताचा, तो बोचतो पण सोसवतो. तिसरा चरबीचा, त्यानंतर गुरं धष्टपुष्ट होतात आणि जमीन ऊब धरते. "तिसरा येऊ दे," ती म्हणते. एका वर्षी मी तिचं ऐकलं नाही आणि पेरलेली सगळी भेंडी काळी पडली. तेव्हापासून मीही तिसऱ्या विंचवाची वाट बघते.

तुम्हीही असेच मृगाची वाट बघायचात. रोपवाटिकेच्या त्या लांब छपराखाली गोणपाटावर बसलेले तुम्ही मला अजून दिसता. बाहेर धारा लागलेल्या, तुमच्या डाव्या हाताला नुकत्याच उगवलेल्या कोयींचा ढीग, उजवीकडे ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या हापूसच्या काड्या. कोय उचलायची, कोंबाचा शेंडा उडवायचा, मधोमध चीर द्यायची, काडीला पाचर तासून चिरेत बसवायची, प्लास्टिकची पट्टी गच्च गुंडाळायची. दुसऱ्याचं एक होईपर्यंत तुमची तीन कलमं झालेली असायची. मी दहा वर्षांची असेन. शाळा सुटली की तुमच्यासाठी चहाची किटली घेऊन यायची आणि तुमच्या हातांकडे बघत बसायची. एक दिवस तुम्ही मागीलदारी गेला होतात तेव्हा मी तुमच्या जागेवर बसले आणि एक कलम बांधलं. मला वाटतं चांगलं बांधलं होतं. तुम्ही आलात, ते हातात घेतलंत, पट्टी सोडलीत आणि काडी बाजूला टाकलीत. सगळ्या बायामाणसांसमोर म्हणालात, "पोरींच्या हातान कलम धरत नाय. जा, पाणी भर."

मी पाणी भरलं. पुढे तुम्ही मला शिकवलंत, जमातीतल्या लोकांनी नावं ठेवली तरी नर्सिंगला पाठवलंत, इकडे येताना विमानतळावर नवी छत्री हातात दिलीत. सगळे हसले, वाळवंटात छत्री कशाला म्हणून. तुम्ही म्हणालात, "पाऊस नसला तरी ऊन हायच ना." हे सगळं मला आठवतं. पण ते एक वाक्यही हातात काट्यासारखं राहिलं. माझ्या खिडकीत जे काही उगवलं नाही, त्याला मी त्या वाक्याचंच कारण देत आले. मेथी, मुळा, कोथिंबीर मी पेरते, कारण ते बी स्वतःच उगवतं. जिथे माझ्या हातानं जीव जोडायचा असतो तिथे मी मागे सरते. इस्पितळात मी टाके घालायला मदत करते, लहान बाळाच्या केसाएवढ्या शिरेत सुई घालते, पण झाडाला हात लावायचा म्हटला की मी दहा वर्षांची होते.

यंदा जानेवारीत खाला पडली. झाडाला खत घालायचं म्हणून तिनं आळं खणून ओलं करून ठेवलं होतं, त्यातच पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. मीच तिला इस्पितळात नेलं. प्लास्टर घालताना ती ओरडली नाही, एवढंच विचारलं, "फेब्रुवारीपर्यंत निघेल ना?" मला तेव्हा कळलं नाही. घरी आल्यावर मिसरवालीनं समजावलं. खजुराला वारा किंवा मधमाशी पुरत नाही. नराच्या पोईतल्या, म्हणजे फुलोऱ्यातल्या, काड्या मादीच्या पोईत माणसानं नेऊन बांधाव्या लागतात, तरच फळ धरतं. दर वर्षी येणारा म्हातारा कामगार गेल्या उन्हाळ्यात कायमचा आपल्या गावी गेला होता. यंदा खालानं स्वतः शिडीवर चढायचं ठरवलं होतं. सत्तरी उलटलेल्या बाईनं!

तिचा मुलगा रियाधहून आला. माणूस वाईट नाही. आईचं मनगट बघून त्याचे डोळे भरले होते, पण घाबरलेला माणूस रागावतो तसा तो रागावला. "हीच झाडं तुला एक दिवस मारणार आहेत. यंदा राहू दे ते सगळं. पुढच्या थंडीत काढून टाकू, फरशी बसवू, गाडीला सावली करू. तू माझ्याकडे चल."

तो गेल्यावर खाला खजुराच्या बुंध्याजवळ खुर्ची टाकून बसली आणि त्या शुक्रवारी गहवा झालाच नाही. आम्ही तिघी आपापल्या डब्यांजवळ उगाच माती उकरत राहिलो. केरळवालीनं विचारलं, "खाला, आज कढीपत्त्याला काही बोलणार नाही?" खाला म्हणाली, "तुझा कढीपत्ता जगेल गं. तू त्याच्याजवळ आहेस."

मी त्या वेळी बोलून गेले, "मी चढते."

तिसऱ्या विंचवाची थंडी सरत होती, तेव्हा नराची पहिली पोय फुटली. पिठाचा वास आला, अब्बा, खरंच, ताज्या दळलेल्या तांदळाच्या पिठाचा. खालानं त्या काड्या एक दिवस सावलीत वाळवल्या. दुसऱ्या दिवशी मी अबायाखाली जाड पँट घातली, हातात मोजे चढवले, आणि मिसरवालीनं शाळेतून मागून आणलेल्या शिडीवर चढले. आधी झावळ्यांचे काटे तोडायचे होते. ते काटे म्हणजे दाभणच, मोज्यातून आरपार गेले. वर पोहोचले तेव्हा मादीची पोय नुकतीच उकललेली होती, आतल्या काड्या हस्तिदंती रंगाच्या. खाली खाला एका हातानं शिडी धरून उभी.

"खाला, माझ्या हातानं धरत नाही," मी वरून म्हणाले. "लहानपणीच सांगितलंय मला."

"कोणी सांगितलं?"

"अब्बांनी."

"त्यांनी खजूर बघितला होता?"

"नाही. आंबा."

"मग त्यांना आंब्याचं माहीत. यल्ला, चल, बिस्मिल्ला म्हण आणि पाच काड्या उलट्या खोच."

मी खोचल्या. वर झावळीच्या पातीची पट्टी तुमच्यासारखी गच्च आवळायला लागले तर ती खालून ओरडली, "सैल! सैल बांध! पोय अजून फुगायची आहे." तेवढ्यात फाटक वाजलं आणि तिचा मुलगा आत आला. मला वर बघून तो जागीच उभा राहिला. मी दचकले, पाय पायरीवरून सुटला. झावळी हाताशी आली म्हणून वाचले. त्यानं धावत येऊन शिडी दोन्ही हातांनी धरली. आता हा ओरडणार, असं मला वाटलं. तो म्हणाला, "सिस्टर, खाली बघू नका. वडील म्हणायचे, पोईकडे बघायचं." मग आईकडे न बघता, "माझी पाळी असायची शिडी धरायची. सगळ्या भावांत माझीच."

पुढचे तीन आठवडे जसजशा पोया फुटल्या तसतशी मी चढले. दोनदा धुळीचं वादळ आलं. मुलगा तीन शुक्रवार सलग आला आणि शिडी धरून उभा राहिला. पराग मिळाला नाही तर एका फुलाच्या जागी तीन बारीक, पोकळ फळं येतात, मिळाला तर एकच धरतं आणि भरतं. गेल्या शुक्रवारी खालानं प्लास्टर निघालेल्या, बारीक झालेल्या हातानं घड वाकवून बघितला. एक. एक. एक. एका घडाला मात्र सगळीकडे तीन-तीन होती. तो मी वादळाच्या दिवशी घाईत बांधला होता. "हा वाऱ्याचा," ती म्हणाली, "बाकीचे तुझे." जाताना मुलानं मला विचारलं, पुढच्या वर्षी शिडी उंच घ्यावी लागेल ना?

मी आता तुमच्यावर रागावलेली नाही. कदाचित त्या दिवशी रोपवाटिकेचा मालक छपरात उभा होता. कदाचित आदल्या वर्षी कलमं मेली होती आणि तुम्हाला बोलणी बसली होती. मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही. कदाचित तुम्हाला खरंच तसं वाटत होतं. तेही चालेल.

पावसात घरी जायला मी रजा मागितली आहे. मंजूर झाली. भाऊ सांगतो, छप्पर अजून आहे आणि तिथे आता बायकाही कलमं बांधतात. मला त्यांच्याशेजारी गोणपाटावर बसायचं आहे.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. नाहीतर पुढचं लिहिलं नसतं. तुम्ही गेलात तेव्हा मी घरी सांगितलं की इस्पितळानं रजा दिली नाही. आई अजून त्या इस्पितळाला शिव्या देते. त्यांनी नाकारली नव्हती, अब्बा. मी मागितलीच नव्हती. आले असते तर परत इकडे यायचं बळ राहिलं नसतं, असं मला वाटलं होतं.