वाकड्या दांड्याचा झारा

बाबा, तुमचा झारा सध्या मुलुंडमध्ये प्रसिद्ध आहे. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, तेव्हा आधी हे सांगायला हवं की तुमच्या कंपनीच्या बंद गेटापासून दोन गल्ल्या सोडून मी एक छोटं कॅफे चालवते. सहा टेबलं, कॉफी, घावणे आणि तुमची कांदाभजी. तुम्ही शिकवलीत तशीच करते: कांद्याला मीठ लावून ठेवायचं, पाणी सुटलं की त्यात मावेल तेवढंच बेसन, वरून पाण्याचा थेंब नाही. चवीला कुणी नाव ठेवत नव्हतं, पण गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. माझी लेक कॉलेजात आहे, सोशल मीडियाचं काम तिने अंगावर घेतलं. "आई, नुसत्या भज्यांचे फोटो कोण बघतंय? स्टोरी पाहिजे गं," म्हणाली, आणि आजीच्या माळ्यावरून तुमचा झारा शोधून आणला. भिंतीवर खिळा ठोकून टांगला. मी पाहत होते. नको म्हणाले नाही.

पहिल्या रीलमध्ये माझे हात दिसतात, आवाजही माझाच आहे: "माझ्या वडिलांनी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये आयुष्यभर याच झाऱ्याने भजी तळली." लोक यायला लागले. झाऱ्याशेजारी उभं राहून फोटो काढायला लागले. कुणीतरी रीलखाली विचारलं, दांडा वाकडा कसा? लेकीने माझ्याकडे पाहिलं. "हजारो घाणे काढून काढून वाकला," मी म्हटलं. त्याचंच दुसरं रील झालं. खाली बदामांची रांग लागली. एका मुलीने लिहिलं, असे बाबा सगळ्यांना मिळोत.

तो रविवार तुमच्या लक्षात राहिला असेल असं मला वाटत नाही. मी अकरा वर्षांची आहे. रविवारची भजी तुम्हीच करता, त्यासाठी कॅन्टीनमधून झारा घरी आणता. कुणीतरी हाक मारतं म्हणून तुम्ही दाराशी जाता, आणि करपू नये म्हणून आई घाणा काढते. जरा पांढराच. तुम्ही परत येता, तिच्या हातून झारा घेता, तेलात बुडवता, थोडं थांबता आणि तिच्या मनगटावर टेकवता. ते थांबणं मला अजून दिसतं. मग खांद्यावर, पाठीवर, पुन्हा खांद्यावर. आई कोपर डोक्यावर धरून ओट्याखाली बसलेली. दांडा वाकतो तेव्हाच तुम्ही थांबता. गुडघ्यावर घेऊन तो सरळ करून बघता, होत नाही. मग उरलेला घाणा तळता आणि माझ्यापुढे बशी सरकवता. "खा गो चेडवा, गरम आसत तवसर." मी खाल्ली. कुरकुरीत होती.

गेल्या आठवड्यात लेकीने आजीला कॅफेत आणलं. "आजी, इथे बस. आबांबद्दल दोन शब्द बोल, हसून हां!" आई भिंतीकडे बघत राहिली. "ह्यो कित्याक वर लावलंस गो?" तिने मला विचारलं. मी बरण्या पुसत राहिले. आईने भरलेल्या टेबलांवरून एक नजर फिरवली, पदर मनगटावर ओढला, आणि मोबाइलकडे बघून म्हणाली, "भजी बरी करीत."

"झकास, आजी!"

दुसऱ्या दिवशी दुपारी शटर अर्धं खाली होतं आणि लेक तो व्हिडिओ कापत बसली होती. "आई, आजीचा पदर सरकलाय बघ. हातावर कसले डाग आहेत हे? क्लोजअपमध्ये घाण दिसतंय. फिल्टर मारून पुसून टाकते."

"हा टाकू नकोस."

"अगं, उद्या शनिवार आहे, गर्दी..."

"नको म्हटलं ना!"

"ड्रामा नको करूस यार. तूच सांगितलीस ना सगळी स्टोरी?"

खिळ्यावरून झारा काढल्याचं मला आठवत नाही. तो माझ्या डोक्याच्या वर होता, आणि माझी लेक फ्रिजला पाठ लावून, कोपर डोक्यावर धरून खाली बसत होती. तिच्यावर कधी कुणी हात उचलला नव्हता. तिला ते कुणी शिकवलं नव्हतं. झारा खाली आला तो तिच्या कानाशेजारी, फ्रिजच्या दारावर. तिथे पोचा आहे.

मग मी जमिनीवर बसून तिला तो रविवार सांगितला. तिने तो व्हिडिओ पुसला, आधीची दोन्ही रील्सही काढली. रडली नाही. एवढंच म्हणाली, "आणि तू आजीला बोलू दिलंस." ती अजून रोज येते, पण मी मागून गेले की हातातलं काम सोडून आधी वळून बघते.

गिऱ्हाइकं विचारतात, झारा कुठे गेला. लेकीला मी सांगितलंय, भंगारवाल्याला दिला. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, बेसनाच्या डब्यामागे ठेवेन. झाराही तिथेच आहे. सकाळी ती यायच्या आधी पहिला घाणा मी त्यानेच काढते. दांडा वाकडा आहे, पण माझ्या हातात तो बरोबर बसतो.