मुक्ताबाईचा हिरवा भात

धायरी, १९ सप्टेंबर

ती. द्वारकाताईस,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे तूर्त मनातल्या मनात.) वारज्यात तुझी तब्येत बरी असेल. फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण तुझा फोन योगेश उचलतो आणि फारच प्रेमाने चौकशी करतो. सख्ख्या भाच्यावर संशय घेऊ नये, पण यंदा भात आला नाही तर खाचर लग्नाच्या लॉनला द्यायचं, हे तुझ्याकडून कबूल करून घेणारा तोच.

तर भात. लावणी वेळेवर झाली, पाणी बांधलं, तीनदा युरिया टाकला, तोही सवडीने शुक्रवारी. तरी आपला भात कावीळ झाल्यासारखा पिवळा, आणि बांधाखालच्या खाचरात मुक्ताबाईचा मात्र काळाभोर हिरवा. खडकीच्या कारखान्याच्या फाटकावर मी तीस वर्षं लोकांचे डबे तपासले आहेत, ताई. जो माणूस न विचारता डबा उघडून दाखवतो, त्याची पिशवी आधी बघावी. ही बाई न विचारता चहा देते. गावातल्या दुकानात चौकशी केली, तर तिने यंदा युरियाचं एक पोतंही उचललेलं नाही. मग हिरवं कशाने?

शिवाय आपल्या बांधाचं पाणी सोडायचं तोंड ती चिखलाने बुजवते. दोनदा रंगेहाथ पकडली. म्हणाली, "सायेब, पानी ऱ्हाऊ द्या की वाईच." (पाण्यात हिचं काय अडकलंय?) माझ्या शिस्तीत कसूर नाही. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून बारा वर्षं मी डासांसाठी शनिवारचा कोरडा दिवस पाळतो. कुंड्या, बादल्या, कूलर, सगळं उपडं. शेतातही तेच. दर शनिवारी तोंड उघडून खाचर पार निथळतो, सोमवारी पुन्हा भरतो. अख्ख्या शिवारात इतकं स्वच्छ खाचर दुसरं नाही. आमची हेमा म्हणते, पाणी कुठे जातं ते एकदा बघा. ती मुक्ताबाईला सामील नसावी, अशी माझी तूर्त समजूत आहे.

तुझा,
अनिरुद्ध

ता. क. : सोबत युरियाचोरीचा ग्रामपंचायतीला द्यायचा अर्ज आहे. सातबारा तुझ्या नावावर, म्हणून सही तुझीच लागेल. योगेश घरात नसताना कर.

ता. क. २ : पाकीट चिकटवणार तोच मुक्ताबाई दारात. म्हणाली, "तुमच्या खतानं माझा भात माजला, काल वाऱ्यानं समदा आडवा झालाय. दर शनवारी पानी का सोडता?" मी डासांचं सांगितलं. तिने शुक्रवार-शनिवार बोटांवर मोजून दाखवले. हसली असती तर बरं झालं असतं. शुक्रवारी टाकलेला युरिया शनिवारी मीच तिच्या शेतात सोडत होतो, आणि खोटं कशाला बोलू, फार लाज वाटली. मला आणखी एक वर्ष दे, ताई. पाण्याच्या तोंडाकडे ती स्वतः बघणार आहे. अर्जावर सही करू नकोस. तक्रार आता तिला करायची आहे आणि तिला लिहिता येत नाही, म्हणून मीच लिहून दिली. मजकूर तयारच होता, नावं तेवढी बदलली. ज्याच्याविरुद्ध तक्रार, तिथे नियमाप्रमाणे जमीनमालकाचं, म्हणजे तुझं नाव घातलं आहे.