दहापैकी दोन गुण

प्रिय आईस,

मी बरा आहे, खांदाही दुखत नाही. बाबांचा खोकला कसा आहे?

शनिवारचा अमेरिकन फुटबॉलचा सामना आपण हरलो. मी फेकलेला चेंडू दोनदा समोरच्यांनी झेलला, म्हणून पेपरने मला दहापैकी दोन गुण दिले. न्हाव्याकडेही लोकांचं तेच, "चेंडू फेकणारा हा क्वार्टरबॅक आंधळाय का रे?"

खरं म्हणजे माझे चेंडू झेलणारा डेल्विन दोन्ही वेळा ठरलेली जागा सोडून भलतीकडे धावला. गुरुवारीच त्याने वडिलांना माती दिली होती.

"मी सांगतो सगळ्यांना, चूक माझी होती," तो रडत म्हणाला.

"गप बस. आधी घरी जा, आईजवळ राहा."

पुढच्या सामन्यात मला बाहेर बसवणार आहेत. बाबा चिडतील, त्यांना आवर. खरं मात्र कुणाला सांगू नकोस. डेल्विनला अजून याच लोकांसमोर खेळायचंय.

तुझाच,
वेंडेल