दोन फेकी, मग संपलं

३ फेब्रुवारी

बोक्याचे पुढचे दोन्ही पंजे सोललेत. फरशीभर लाल ठसे. भाऊजींनी सकाळी पुन्हा दोन तास चेंडू फेकला. "तो थांबतच नाही गं," म्हणाले.

फेकणारा थांबत नाही. मी फरशी पुसायला घेतली.

कुत्र्याचं नाव बोक्या ठेवणं हा ताईचाच विनोद. तिला जाऊन अडीच महिने झाले. तेव्हापासून मी इथेच राहतेय, ह्या दोघांकडे बघायला.

४ फेब्रुवारी

जनावरांच्या डॉक्टरांनी मलमपट्टी केली. "हा खेळ नाही, व्यसन आहे. पंजे भरेपर्यंत चेंडू बंद. नंतर दिवसाला दोनच फेकी. मग 'संपलं' म्हणायचं, रिकामे हात दाखवायचे, चेंडू नजरेआड. आणि नाकाला काम द्या."

भाऊजी शाळेतल्या पोरासारखे मान हलवत होते.

५ फेब्रुवारी

घरातून अकरा चेंडू निघाले. सोफ्याखाली, बुटात, एक तर ताईच्या पर्समध्ये. सगळे कपाटात कोंबून कुलूप लावलं. बोक्या कपाटासमोर बसला. जेवला नाही. भाऊजीही खुर्ची ओढून शेजारी बसले. दोघं त्याच दाराकडे बघतायत. मी कामावर गेले.

दातांच्या लॅबमध्ये दिवसभरात चौदा कवळ्या घासून चकचकीत केल्या. शेजारच्या टेबलावरची विचारते, कशी आहेस. म्हटलं, बरी आहे. खरंच बरी आहे — त्याचंच नवल वाटतं. एकदाही रडले नाही.

८ फेब्रुवारी

कपाटाचं दार खालून पार ओरबाडलंय.

१२ फेब्रुवारी

बिस्किटाचे दहा तुकडे मागच्या मैदानातल्या गवतात लपवले. सात सापडले. हुंगता हुंगता चक्क पाच मिनिटं चेंडू विसरला. भाऊजी बाजूला उभे. हातांचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. शेवटी खिशात घातले.

१८ फेब्रुवारी

पंजे भरले. पहिल्यांदा दोन फेकी. मी "संपलं" म्हटलं, हात दाखवले. बराच वेळ भुंकला, माझ्याभोवती घिरट्या घातल्या, मग धपकन आडवा झाला. डॉक्टर फोनवर म्हणाल्या, जमतंय तुम्हाला. आनंद व्हायला हवा होता.

२३ फेब्रुवारी

वीज गेल्यामुळे आज कामावरून लवकर सुटले. घरात कोणी नाही. मैदानात भाऊजी मोज्यांचा गोळा करून फेकतायत. बोक्याच्या तोंडाला फेस, पाय लटपटतायत, तरी पळतोय. किती वेळ चाललं होतं, देव जाणे.

मी मोजे काढून घेतले. "भाऊजी, मारायचंय का त्याला?"

ते गवतात खाली बसले. मी बोक्याला पाणी पाजलं. मग ते म्हणाले, "ती गेली त्या दिवशी दवाखान्यातून तू सहा फोन केलेस. माझा फोन घरी राहिला होता. मी इथे होतो. हा चेंडू आणून देत होता आणि मी म्हणत होतो, आता शेवटचा. आता शेवटचा."

मी मोज्यांचा गोळा सोडवत राहिले.

"अजूनही फेकत असलो की वाटतं, घरी जायचंय अजून. तोवर काही झालेलं नाही."

बोक्या त्यांच्या मांडीवर डोकं टाकून धापा टाकत होता. त्याच्या कानाशी चाळा करत त्यांनी विचारलं, "तिनं माझं काही विचारलं का गं?"

"नाही. झोपेतच गेली. शांत."

त्यांनी किती तरी वेळ मान हलवली. मग ढसाढसा रडले. मी बोक्याचा पट्टा धरून उभी होते.

२७ फेब्रुवारी

भाऊजींनी आज दोनच चेंडू फेकले. स्वतःच "संपलं" म्हणाले. तीन महिन्यांनी पहिल्यांदा दाढी केली. उद्यापासून कामावर जातो म्हणाले.

त्या दिवशी दवाखान्यात ताईनं तीनदा विचारलं होतं, "आले का?" तिन्ही वेळा मी म्हटलं, "जिन्यात आहेत, येतायत." तिसऱ्या वेळी तिनं उशीवरून मान वळवली आणि शेवटपर्यंत दाराकडे बघत राहिली.