वीस पायऱ्या, मग सही

३ जानेवारी, सकाळी ६.१०
त्या सकाळी दूध तापवलं, पिंप भरलं, ह्यांच्या कॅनव्हासच्या बुटांना पांढरं लावून खिडकीत वाळत ठेवलं. शिट्टीची दोरी मळली होती ती धुतली. हे म्हणाले, ओली आहे, मानेला गार लागते. मी म्हटलं, मैदानात पोहोचेपर्यंत वाळेल. वाळली असणार. दहाच्या सुमारास शाळेचा शिपाई सांगत आला, सर मैदानात पडले, पाण्याच्या टाकीजवळ. आज दोन वर्षं झाली.

असो. रडगाणं गायला ही वही आणलेली नाही. संकल्प: नातीला फिट करायचं. वय नऊ, डाव्या पायाला कॅलिपर, डोकं तल्लख. एकतीस वर्षं पी.टी. शिकवलेल्या माणसाची नात आणि तिने पी.टी.च्या तासाला बाकावर बसायचं? मी अजून जिवंत आहे.

४ जानेवारी
ह्यांचं व्यायामाचं जाड पुस्तक काढलं. शाळा मी सातवीपर्यंतच पाहिली, पण लग्नानंतर ह्यांच्या कपाटातलं एकेक पुस्तक स्वतः वाचून काढलं. हे एवढं राहिलं होतं. ४१२ पानं. रोज वीस धरली तर महिनाअखेर मी एक्स्पर्ट.

नातीने शाळेतून फॉर्म आणला. पी.टी.ला नव्या बाई आल्यात, त्यांनी बैठं व्हॉलीबॉल सुरू केलंय. जाळी खाली बांधायची, चटयांवर बसून खेळायचं, बूड उचललं की फाऊल. चालणारी, न चालणारी, सगळी पोरं एकाच टीममध्ये. २८ तारखेला दुसऱ्या शाळेशी मॅच, सहीचा फॉर्म २० तारखेपर्यंत द्यायचा. मुलगा परगावी नोकरीला, सून नर्स, तिच्या ड्यूटीचा नेम नाही. म्हणून शाळेच्या कागदांवर सही माझी.

बसून खेळायचा तो कसला खेळ? हे म्हणायचे, तयारीशिवाय मैदानात उतरायचं नाही. नातीला सांगितलं, आपल्या जिन्याच्या वीस पायऱ्या कठडा न धरता चढून दाखव, मग सही. तिने विचारलं, व्हॉलीबॉलमध्ये जिना असतो का. उलट बोलते. आजोबांवर गेली आहे.

फॉर्म हरवू नये म्हणून पुस्तकात खुणेला ठेवला.

७ जानेवारी
भिंतीवर तक्ता लावला. रकाने चार: पायऱ्या, बैठका, उड्या, दूध. आजची नोंद: ३, ०, ०, एक पेला. बैठका आणि उड्या कॅलिपरमुळे होत नाहीत, पण रकाना ठेवावा. रकाना असला की माणसाला जिद्द येते.

९ जानेवारी, सकाळी ७.३०
पोरांना नुसतं सांगून कळत नाही, करून दाखवावं लागतं. म्हणून मी स्वतः चढले. अकराव्या पायरीवर बसले, तिथून समजावणं सोपं पडतं. नातीने विचारलं, पाणी आणू का. समजावताना घसा कोरडा पडतोच.

पुस्तकाचं पान ४१. अक्षर फार बारीक छापलंय.

१२ जानेवारी
गुडघा सुजला. हवेमुळे. सून म्हणाली, आई, कॅलिपर तिला आहे आणि लंगडताय तुम्ही. दवाखान्यात काम करणाऱ्यांची जीभ अशीच होते. पुढे म्हणाली, हिच्या पायाला जिना हे माप नाही असं फिजिओथेरपीच्या बाईंनी दोनदा सांगितलंय; हिचे हात आणि पाठ बघा, तिथे ताकद आहे. मी म्हटलं, पुस्तकात हेही दिलेलं असणार, अजून तिथपर्यंत आले नाही.

फॉर्मचं विचारत होती. मी म्हटलं, काम चालू आहे.

पायऱ्या ५.

१४ जानेवारी
नव्या बाई घरी आल्या. वय सत्तावीस-अठ्ठावीस. गळ्यात शिट्टी नाही. काही मुलांना तो आवाज सोसत नाही, म्हणून हात वर करून खुणावतात म्हणे. एकतीस वर्षं शिट्टी ऐकून कोणी दगावलं नव्हतं. हे मी मनात म्हटलं.

म्हणाल्या, एकदा मैदानात येऊन बघा. मी म्हटलं, मला ऊन बाधतं. म्हणाल्या, सराव सकाळी सातला असतो. मी म्हटलं, धूळ. म्हणाल्या, आदल्या संध्याकाळी पाणी मारतो. मी म्हटलं, गुडघा. मग त्यांनी भिंतीवरच्या ह्यांच्या फोटोकडे बघत चहा संपवला. उठताना एवढंच म्हणाल्या, फॉर्म तेवढा पाठवा, पोरीची सर्व्हिस कोणाला परतवता येत नाही.

कौतुक करून सही काढायची रीत मला ठाऊक आहे.

१७ जानेवारी, संध्याकाळ
नातीची मैत्रीण आली, ती व्हीलचेअरवर असते. सगळ्यांच्या पायांच्या बोटांवरून चाक नेते म्हणून शाळेत तिला ‘ड्रायव्हर’ म्हणतात. कपड्यांची दोरी खाली बांधून दोघी पॅसेजमध्ये बसल्या आणि दोरीवरून फुगा मारत राहिल्या. मी स्वयंपाकघरातून मोजलं. त्रेचाळीस वेळा पडला नाही. तक्त्यात फुग्याचा रकाना नाही, त्यामुळे नोंद केली नाही.

मला बोलावलं. गेले, खाली बसले. पहिला फुगा नाकावर. मग उठायला निघाले तर उठता येईना. ड्रायव्हर म्हणाली, आजी, उठूच नका, फाऊल होईल. दोघी इतक्या हसल्या की फुगा फुटला. मीही हसले असेन, नक्की आठवत नाही.

१९ जानेवारी
पायऱ्या ९! रोज एक वाढली तर ३० तारखेला वीस. मॅच २८ ला आहे, ती दोन दिवस पुढे ढकलता येईल. बाईंना एक चिठ्ठी लिहावी. शाळेच्या तारखा मागेपुढे होतात, ह्यांच्या वेळेपासून बघते आहे.

२० जानेवारी
सकाळी नातीने फॉर्म मागितला. मी म्हटलं, अकरा राहिल्या. ती शाळेला निघाली. दप्तर मात्र नेहमीपेक्षा हळू उचललं.

दुपारी मीच फॉर्म घेऊन निघाले. पेन घेतलं होतं, वाटलं तर तिथेच सही करायची. फाटकातून मैदान दिसतं. टाकी दिसते. तेवढ्यात उजव्या चपलेचा अंगठा सैल लागला, म्हणून परत फिरले. वाटेत चांभाराला दाखवली. त्याने ओढून पाहिली आणि म्हणाला, हिला काहीही झालेलं नाही. हल्ली कारागीर पूर्वीसारखे राहिले नाहीत.

फॉर्म पुन्हा पुस्तकात. पान ४१.

२२ जानेवारी
नातीने तक्त्यासाठी आकडा द्यायचं सोडलं आहे. म्हणजे पायऱ्या चढते, पण किती झाल्या ते सांगत नाही. मी अंदाजाने १० लिहिलं.

२८ जानेवारी, संध्याकाळी ७
मॅच झाली. चिठ्ठी लिहायची राहून गेली होती. नातीला गुण लिहायला बसवलं होतं, बाकावर. दोन गुणांनी हरले. हे ड्रायव्हरने सांगितलं, नातीने नाही. शेवटची सर्व्हिस ड्रायव्हरची होती, ती जाळीत गेली. ती जागा कोणाची होती तेही तिने सांगितलं.

नात पलंगावर बसून कॅलिपरचे पट्टे सोडत होती. मी म्हटलं, पुढच्या वर्षी वीस पायऱ्या नक्की होतील बघ, तोवर तयारी पक्की करू.

तिने मान वर केली नाही. म्हणाली, “आजी, माझी तयारी झाली होती. तुझी राहिली होती.”

रागाने नाही म्हणाली. मग विचारलं, दूध आहे का.

दूध दिलं. तक्त्यात लिहायला गेले आणि नुसतीच उभी राहिले. टाकी आता कोणत्या रंगाची आहे, हे मी फाटकातून पाहूनही पाहिलं नव्हतं.

२९ जानेवारी
आज सकाळी दूध तापवलं, पिंप भरलं. रात्री नातीच्या बुटांना पांढरं लावून ठेवलं होतं, त्यांत नाड्या ओवल्या. तारीख उलटलेल्या फॉर्मवर सही केली. ह्यांची शिट्टी खुंटीवर राहू दिली. सात वाजता नातीबरोबर मैदानात गेले, टाकीच्या बाजूने. टाकी निळी आहे. तिथे थोडा वेळ थांबले. नातही थांबली. मग बाईंना फॉर्म दिला आणि चटईवर बसले. नातीने टीमला सांगितलं, आजीला हळू द्या, नवीन आहे. माझ्याकडे पाच बॉल आले, पाचही सुटले. बूड उचललं नाही.