आणखी ब्रेड

१२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन केला की तिसऱ्या वाक्याला आपलं वाजतं, म्हणून लिहितोय. रविवारी तू गाडी गाठायला जेवण अर्धं टाकून पळालीस, त्यामुळे शेवट तुझा हुकला. पार्टी माझ्या बढतीची, आणि तुझ्या वाटणीचा पिझ्झाही मीच संपवला. बायको त्यावरून अजून ऐकवते आहे.

तू गेल्यावर तिथे आणखीच गर्दी झाली. तुझ्या खुर्चीत एक अनोळखी माणूस येऊन बसला, त्याचं कोपर सारखं माझ्या पास्त्यात. मालक भट्टीपाशी उभा राहून ऑर्डरी ओरडत होता, पलीकडच्या टेबलावर कोणाचा तरी वाढदिवस, पोरं टेबलावर अंथरलेल्या कागदावर रंगीत खडूनं रेघोट्या मारत होती. शहरात इतक्या स्वस्तात इतकं पोटभर इटालियन दुसरीकडे मिळत नाही, म्हणून आमचं सगळं ऑफिस तिथेच जातं. आई मजेत होती. ब्रेडवर ब्रेड मागवत होती, सगळ्यांची तोंडं बघून हसत होती.

मग मी विषय काढला. घर शेजारच्या दाताच्या डॉक्टरला विकावं, त्याला दवाखाना वाढवायचाच आहे. आणि तिनं ज्येष्ठांच्या निवासात राहायला जावं, तिथे तिची गिरणीतली मैत्रीण कांडीवाली मावशी आहेच, सोबत होईल. सगळं नीट, सावकाश सांगितलं. आईनं मान हलवली. एकदा नाही, दोनदा. मला वाटलं होतं रडारड होईल, तसं काही झालं नाही. डॉक्टरला मी होकार कळवून टाकलाय.

तेव्हा आता तू मोडता घालू नकोस. माझ्यावर लोभ आहे तेवढा राहू दे, वाढला नाही तरी चालेल.

तुझा,
भाऊ


१९ जून

चि. भाऊस,
अ. आ.

पत्र वाचून डोकं फिरलं. साहेब झालास म्हणून दाढी काढलीस, चेहरा बरा दिसतो, शाळेतल्यासारखा. पण कामंही शाळेतल्यासारखीच करायला हवीत असं नाही.

आईला ऐकू येत नाही हे तुला नव्यानं सांगायला हवं का? गिरणीत मागांच्या खडखडाटात उभं राहून तिचे कान गेले. न कळलेल्या प्रत्येक गोष्टीला ती मान हलवते. बाबा काही बोलले की आधी काय म्हणून विचारायची, मग पुन्हा काय, आणि शेवटी कंटाळून मान हलवायची. म्हणून तर महत्त्वाची गोष्ट आईला लिहून दाखवायची अशी आपल्या घरची रीत. बाबांचं ऑपरेशन, माझं लग्न, तुझं नापास होणं, सगळं तिनं कागदावर वाचलं. आणि तिथे सबंध टेबलभर कागद होता, खडू पुढ्यात होते. तू लिहिलं नाहीस. जिथे धडधाकट माणसाला शेजारच्याचं ऐकू येत नाही अशा ठिकाणी तिला नेलंस, आणि मान हलली की होकार धरलास. ही फसवणूक आहे, भाऊ. मला दुसरा शब्द सापडत नाही.

आता तू म्हणशील, मग घेऊन जा तुझ्याकडे. माझी परिस्थिती तुला माहीत आहे. सासूबाई अंथरुणावर, घरात पाय ठेवायला जागा नाही. तो विषय त्या दिवशी बोलून झालाय, पुन्हा उकरून काढू नकोस.

आईला सगळं स्वच्छ लिहून विचार. आणि निवासातल्या खोलीला खिडकी आहे का, तेवढं बघ.

रागावले तरी तुझीच,
ताई


२५ जून

ती. ताईस,
सा. न.

लांब राहून शिकवणं सोपं असतं. पिझ्झा कापता कापता तू काय म्हणालीस ते आठवतंय ना? आई समोर बसलेली, आणि तू म्हणालीस की तिला कुठेही ठेव, पण माझ्या गळ्यात मारू नकोस, दोन दिवसांत ओरडून ओरडून माझा घसा बसतो आणि तिसऱ्या दिवशी तिचं तोंड बघावंसं वाटत नाही. बरं झालं आईला ऐकू आलं नाही. खडू तेव्हा तुझ्याही पुढ्यात होते. तूही काही लिहिलं नाहीस.

लिहून विचारलं की ती नाही म्हणणार, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. मग काय, तिला तशीच एकटी ठेवायची? दार वाजलेलं तिला कळत नाही. मागच्या महिन्यात दुधाचं भांडं करपून घरभर धूर झाला, ही आपली पुढच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बसलेली. उद्या काही झालं तर लोक मलाच धरतील, तुला नाही. मला झोप लागत नाही, ताई. हे तुला खोटं वाटेल, पण खरं आहे.

खोलीला खिडकी आहे. समोर भिंत येते, पण आहे.

भांडलो तरी आपलं म्हण.

भाऊ


४ जुलै

चि. ताई आणि चि. भाऊ,
दोघांनाही अ. उ. आ.

एकच मजकूर दोनदा लिहून दोन पाकिटांत घालते आहे, म्हणजे आई तुला काय म्हणाली, याची एकमेकांकडे चौकशी नको. महत्त्वाची गोष्ट लिहून सांगायची ही आपल्या घरची रीत. तुम्ही मोडलीत, मी मोडत नाही.

गिरणीत आम्हा बायकांना एकमेकींचा आवाज कधी ऐकूच आला नाही. माग सुरू झाले की आम्ही ओठ वाचून बोलायचो. खात्याच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या बाईला सासूची गाऱ्हाणी सांगायची, मधून मुकादम गेला तरी त्याला पत्ता नसायचा. घरात मात्र हे जमलं नाही. तुमच्या बाबांच्या मिशा ओठांवर आलेल्या, संसार झाला पण त्यांचं एक वाक्य मला धड वाचता आलं नाही. ताई, तू कायम ओट्याकडे तोंड करून बोलायचीस. भाऊनं तर मिसरूड फुटल्यापासून दाढीच ठेवली. तुम्ही समजलात, आईला काही कळत नाही. मीही सांगायच्या भानगडीत पडले नाही, तुम्ही लिहून दाखवायचात ते मला आवडायचं.

त्या हॉटेलात तुम्ही तिघं माझ्यासमोर ओळीनं बसलात. डोक्यावर लख्ख दिवे, भाऊची हनुवटी गुळगुळीत, आणि गोंगाटामुळे सगळेच तोंड मोठं उघडून बोलत होतात. गिरणी सुटल्यापासून इतकं स्वच्छ मला कोणाचं कळलं नव्हतं. मी हसत होते ती त्या आनंदानं. आपल्या पोरांच्या गप्पा आपल्याला कळतायत, याचंच अप्रूप वाटत होतं. मग तुम्ही माझ्याविषयी बोलायला लागलात.

ताई, तुझा घसा बसतो ते तुझ्या ओठांवर वाचलं. तिसऱ्या दिवशी काय होतं तेही वाचलं. भाऊ, तिला कळत नाही तेच बरं, नाहीतर सगळ्यांसमोर तमाशा करेल, असं तू बायकोला म्हणालास. सूनबाईनं मला लिहून दाखवायला खडू उचलला होता. तू तिचा हात दाबून तो खाली ठेवायला लावलास. घर विकायचं म्हणालास त्याचं मला एवढं वाटलं नाही. तो हात दाबलास ते फार लागलं.

आणि मान मी हलवली ती वेटरला. तो तुझ्या खांद्यामागे उभा राहून आणखी ब्रेड आणू का म्हणून विचारत होता. त्यानं दोनदा विचारलं, मी दोनदा हलवली.

दाताच्या डॉक्टरकडे मी जाऊन आले. तोंडाला मास्क लावून बोलायला लागला, आधी तो काढायला लावला. घर माझ्या नावावर आहे आणि ते विकायचं नाही, एवढं त्याला सांगितलं. बिचारा ओशाळला. त्याच्यावर डाफरू नकोस, त्याला तू जे सांगितलंस तेच त्यानं धरलं.

भाऊ, धुराची काळजी तू तिथे बोलून दाखवलीस, ती मी खोटी म्हणत नाही. मी कांडीवालीला निवासातून बाहेर काढून त्याच हॉटेलात जेवायला नेलं. मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या खात्यात खडखडाट कमी, त्यामुळे तिचा एक कान अजून शाबूत आहे. सबंध दुपार आम्ही दोघी समोरासमोर बसून बोललो, आवाज न काढता. शेजारची मंडळी घसा ताणून ताणून थकली. तिनं सांगितलं, तिच्या मुलानंही तिला असंच बाहेर जेवायला नेऊन सांगितलं होतं. पुढच्या महिन्यात ती माझ्याकडे कायमची राहायला येते आहे. दार वाजलं तर तिला कळेल, दूध गॅसवर असलं की दोघींपैकी एक ओट्यापाशी उभी राहील, आमचं भागेल. भाऊ, तुझी खोली तिला दिली. तुझं कपाट आणि ताईच्या ट्रंका येऊन घेऊन जा. येताना सूनबाईला आण.

शेवटी लोभ असावा असं मागायची पद्धत आहे. त्या दिवशी जेवण संपेपर्यंत मी तुमचे ओठ वाचत बसले होते, आता तरी कोणी म्हणेल की आईला विचारू या. कोणी म्हणालं नाही. म्हणून या खेपेला मागत नाही.

आई